कोयत्याबरोबर आलेल्या मुली

आपला ऊस कधी तुटणार याची चौकशी आपण हंगामभर करतो. तो तोडणारांच्या पोरींची चौकशी आम्हीही आजवर कधी केली नव्हती, हे आधी कबूल करतो.

गेल्या हंगामात तळावर गेलो, तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरची टोळी उतरली होती. खोपीपुढे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी धाकट्या भावावर लक्ष ठेवत भाकऱ्या थापत होती. शाळेचे विचारले. म्हणाली, "नववीत नाव हाये. दिवाळीलोक गेली."

२०१८ साली केंद्राने मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' यादी केली. तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि वाशिम. तिकडे जमीन कोरडवाहू. सोयाबीन निघाले की हाताला काम नाही, मग मुकादमाची उचल घ्यायची. आणि उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. खरी गोम इथेच आहे. लग्न झाले की एक कोयता वाढतो! शिवाय वयात आलेली पोर तांड्यावर कोणाच्या भरवशावर ठेवायची? एकतर बरोबर आणायची, नाहीतर उजवून टाकायची. मुलीच्या लग्नाला अठरा वर्षांची अट १९७८ पासून आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली.

त्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागे ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले; मुलग्यांत ३१. यावर शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. पण पोर फडात आणि गोळी शाळेत, मग उपयोग काय? जंताच्या गोळीचेही तेच. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी लांबून आणायचे, आणि अंधारात उठून आईबापांमागे मोळ्या वाहायच्या. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरची माहिती तपासून हेच मांडले होते, की या वयातल्या आरोग्यावर सर्वांत मोठा परिणाम देशाची संपत्ती, उत्पन्नातली विषमता आणि शिक्षणाची सोय यांचा होतो. आमच्या घरातली त्याच वयाची नात दूध नको म्हणून रुसते. फरक दोन पोरींच्या रक्तात नव्हे, घरात आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ पासून आहे. गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. तो पैसा आपल्याच उसावरचा, म्हणून त्याचा हिशेब विचारायचा हक्कही आपला.

येत्या हंगामात टोळ्या उतरतील त्याच आठवड्यात तळावरच्या दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींची यादी करून उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे आणि जवळच्या शाळेत द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. न्हाणीघरांसाठी पत्रे लागतील. ज्यांच्याकडे जुने पडून असतील त्यांनी गट ऑफिसात कळवावे. ट्रॅक्टर आम्ही पाठवू.