कुजणाऱ्या शवावरील भुंगेरे आणि न्यायवैद्यक तपास : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोंदिया जिल्ह्याचा मोठा भाग वनव्याप्त आहे. नागझिऱ्याच्या परिसरात, तेंदूपत्त्याच्या जंगलात किंवा एखाद्या तलावाच्या काठी बेवारस प्रेत कित्येक दिवसांनी दृष्टीस पडते. ठाण्यात ‘मर्ग’ दाखल होतो आणि मृत्यू केव्हा झाला, हा पहिला प्रश्न उभा राहतो. शरीराचे तापमान आणि मरणोत्तर काठिण्य ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतीच उपयोगी पडतात. त्यानंतर साक्ष उरते ती कीटकांची.

या साक्षीची परंपरा जुनी आहे. चीनमधील सुंग त्सू यांच्या १२४७ मधील ग्रंथात विळ्यावर बसलेल्या माश्यांवरून खुनी ओळखल्याची हकिकत आहे. १८९४ मध्ये फ्रान्समधील मेन्याँ यांनी उघड्यावरील शवावर कीटक आठ टप्प्यांनी येतात, अशी मांडणी केली.

भुंगेऱ्यांचा क्रम :
प्रथम येतात त्या निळ्या-हिरव्या मांसमाश्या. त्यांच्या अळ्या वाढू लागल्या की हिस्टरिडी कुलातील चकचकीत काळे भुंगेरे आणि स्टॅफिलिनिडी कुलातील आखूड पंखांचे भुंगेरे दिसू लागतात. ते मुख्यतः शव न खाता अळ्या खातात. त्यांची संख्या फार असल्यास अळ्यांची संख्या घटते आणि केवळ अळ्यांवर विसंबणारा तपासनीस फसू शकतो. ओलावा आटून कातडी, स्नायुबंध व हाडे उरली की डर्मेस्टिस प्रजातीचे भुंगेरे आणि लाल पायांचा, निळसर झळाळीचा नेक्रोबिया रुफिपेस येतात. ही मंडळी आपल्याला अपरिचित नाहीत. आठवडी बाजारातील सुक्या मासळीत हेच भुंगेरे सापडतात, आणि साठविलेल्या रेशीमकोशांचे नुकसान करण्याबद्दलही डर्मेस्टिस कुप्रसिद्ध आहे. संग्रहालये मात्र प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करण्यासाठी तो मुद्दाम पाळतात.

डर्मेस्टिस मॅक्युलेटसला अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत उष्ण हवामानात साधारणतः पाच ते सात आठवडे लागतात. म्हणून शवाखाली त्याच्या केसाळ अळ्यांच्या टाकलेल्या काती आणि रिकामे कोश मिळाले, तर मृत्यू निदान तेवढ्या काळापूर्वीचा आहे, असे म्हणता येते. येथे ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कीटक मृत्यूची घटिका सांगत नाहीत. ते शवावर किती काळ वाढले, एवढेच सांगतात.

विषप्रयोगाचा प्रश्न :
ग्रामीण भागात कीटकनाशक प्राशनाने होणारे मृत्यू लक्षात घेता हा भाग आपल्याकरिता विशेष मोलाचा आहे. रक्त व जठर नष्ट झाल्यावरही विषाचा अंश अळ्यांच्या शरीरात आढळू शकतो. हवाई बेटांवरील एका प्रकरणात अळ्यांतून मॅलॅथिऑन मिळाल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. डर्मेस्टिसच्या काती व विष्ठेतूनही औषधांचे अंश ओळखले गेले आहेत. मात्र अशा विषामुळे कीटकांचे आगमनच लांबू शकते. म्हणून काळाचा हिशेब विषाचा विचार केल्याविना पुरा होत नाही.

स्थानिक मर्यादा :
पाश्चात्त्य ग्रंथांतील कोष्टके येथे जशीच्या तशी लावणे प्रस्तुत लेखकाच्या मते धोक्याचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शव कुजण्यापूर्वीच वाळू लागते आणि डर्मेस्टिस लवकर येतो. श्रावणात तेच शव आठवडेच्या आठवडे ओले राहते. लहान शव जमिनीत पुरणारा निक्रोफोरस तिकडील पुस्तकांत ठळकपणे येतो, पण तो मुख्यतः थंड प्रदेशातला.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जाते. परंतु पंचनाम्याच्या वेळी नमुना घेतलाच नसेल तर तज्ज्ञ मत कशावर देणार? निम्मे कीटक ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत, निम्मे जिवंत ठेवून वाढवावेत आणि शवाखालची माती अवश्य चाळावी, कारण काती तेथेच मिळतात. घटनास्थळाचे तापमान पुढील काही दिवस नोंदवून गोंदियाच्या हवामान केंद्रातील नोंदींशी ताडून पाहावे; दाट सावलीतील जंगल आणि शहर यांच्या तापमानात पुष्कळ अंतर असते.