काहीच ठरलं नाही तर? आर्थिक संघ मोडतो तेव्हाच्या व्यापारी वाटाघाटी

पीएचडीच्या नोंदणीसाठी मी पहिला सिनॉप्सिस सादर केला तेव्हा त्याचं शीर्षक होतं 'ब्रेक्झिटचा भारतीय व्यापारावरील परिणाम'. समितीतल्या एका मॅडमनी पानही न उलटता विचारलं, "वाटाघाटी फिसकटल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोव्हर बंदरात उतरलेल्या ट्रकवर कोणता कर लागला असता?" मला सांगता आलं नाही. माझ्याकडे आयात-निर्यातीचे तक्ते होते, आलेख होते, पण हे एवढंसं नव्हतं. सिनॉप्सिस परत आला.

नेट-पेटच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा विषय 'अमुकचा तमुकवर परिणाम' असाच असतो, म्हणून हे आधी सांगितलं. मॅडमचा तो प्रश्न या सगळ्या विषयाची किल्ली आहे, हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले. आणि तो समजून घ्यायला लंडनपर्यंत जावं लागत नाही. टिटवाळ्याला येणारी लोकल कल्याण सोडते, की पुढचं स्टेशन शहाड. तिथे उतरून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एककडे जाणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, १९४७ नंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना दिलेली. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. ही माणसं ज्या सिंधमधून आली तो सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, आणि तिथला कापूस मुंबईच्या गिरण्यांत एक पैसाही जकात न भरता येत होता. फाळणीबद्दल आपण माणसांच्या, रक्ताच्या, सीमेच्या अंगाने वाचलेलं असतं. पण अर्थशास्त्राच्या भाषेत ती एक भलीमोठी आर्थिक युनियन मोडण्याची घटना होती, आणि मोडल्यावर व्यापाराच्या अटी ठरायला साडेतीन वर्षं लागली.

आधी 'आर्थिक संघ' म्हणजे काय ते बघू. आत कुठेही जकात नाही, बाहेरून येणाऱ्या मालावर सगळीकडे एकच सीमाशुल्क, आणि पुढची पायरी म्हणजे एकच चलन, एकच मध्यवर्ती बँक. युरोपीय संघाने हे टप्प्याटप्प्याने उभं केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात ते सगळं आयतंच होतं. (संस्थानांची भानगड वेगळी, ती इथे नको.) आता यातून एक भाग बाहेर पडतो म्हटल्यावर लोकांना वाटतं की वाटाघाटी कराच्या टक्क्यांवर होतात. तसं नाही. पहिला झगडा असतो, काहीच ठरलं नाही तर कोणता नियम आपोआप लागू होईल, यावर. मी त्याला माझ्या वहीत 'आपोआपचा नियम' म्हणते. टेबलावर बसलेला प्रत्येक जण मनात हाच हिशोब करत असतो: उठून गेलो तर माझं किती जाईल आणि समोरच्याचं किती?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून २७ गावं २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली परत घेतली, २०२० साली त्यातली १८ पुन्हा वगळली आणि उच्च न्यायालयाने ते वगळणं रद्द केलं. प्रत्येक वेळी गावात पहिला प्रश्न पडतो तो उद्यापासून घरपट्टी कुणाकडे भरायची आणि कचरा कोण उचलणार. ध्येयधोरणं नंतर.

आता १९४७. फाळणीची योजना ३ जूनला जाहीर झाली आणि अंमल १५ ऑगस्टला. म्हणजे ७३ दिवस. ब्रिटनला जनमत चाचणीपासून प्रत्यक्ष जकातीच्या सीमा पडेपर्यंत साडेचार वर्षं मिळाली होती, ती आठवा. एच. एम. पटेल आणि चौधरी मुहम्मद अली हे दोन सनदी अधिकारी सुकाणू समितीत होते, त्यांच्या हाताखाली तज्ज्ञ समित्या. रेल्वेचे डबे, टाइपरायटर, ग्रंथालयं, सगळ्याची वाटणी चालू होती. व्यापाराच्या बाबतीत मात्र ७३ दिवसांत काही होणार नाही हे दोन्ही बाजूंना कळलं, आणि त्यांनी शहाणपणाचं काम केलं: 'जैसे थे' करार. २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत दोन्ही देशांमध्ये माल पूर्वीसारखाच बिनजकात फिरेल. चलनही काही काळ एकच आणि रिझर्व्ह बँकही एकच. १९४८ च्या एप्रिलपासून पाकिस्तानात ज्या नोटा चालू लागल्या त्यांवर 'पाकिस्तान सरकार' असं इंग्रजीत आणि उर्दूत जादा छापलेलं होतं, पण नोटा मूळच्या रिझर्व्ह बँकेच्याच, छापलेल्या आपल्या नाशिकला. कसाऱ्याचा घाट चढून गेलं की जो नाशिकरोडचा छापखाना लागतो, तिथे. मला हा तपशील सापडला तेव्हा मी वाचनालयात उगाचच शेजारच्याला दाखवला.

तर, 'आपोआपचा नियम' म्हणून 'जुनंच चालू' हे ठरलं. मग ते टिकलं का नाही? कारण तागाच्या निर्यातकरात एक भोक राहिलं होतं. ताग पिकायचा बहुतांशी पूर्व बंगालमध्ये. गिरण्या जवळपास सगळ्या कलकत्त्याच्या आसपास, हुगळीकाठी. तागावरचा निर्यातकर कलकत्ता बंदरात गोळा व्हायचा. संघ अखंड होता तोवर ठीक. आता माल पाकिस्तानी शेतकऱ्याचा, कर मात्र भारताच्या तिजोरीत. पाकिस्तानने वाटा मागितला, भारताने नाकारला, मग पाकिस्तानने सीमेवरच स्वतःचा निर्यातकर बसवला. भारताच्या मते हा 'जैसे थे'चा भंग. १ मार्च १९४८ पासून जकातीच्या दृष्टीने पाकिस्तान परका मुलूख ठरला.

तुमच्यापैकी कुणी सीमाशुल्क संघांवर काम करणार असाल तर इथे थांबा. जकात बंदरात वसूल होते, पण ती कुणाच्या मालावर, कुणाच्या ग्राहकाकडून? संघ चालू असतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही, मोडताना तोच पहिला फुटतो.

याच महिन्यांत ५५ कोटींचं प्रकरण झालं. महाराष्ट्रात हा आकडा माहीत नाही असा माणूस विरळा, पण तो कशातला आकडा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अविभक्त हिंदुस्थानच्या रोख शिलकीतून पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला होता. २० कोटी आधीच दिले होते, उरले ५५. काश्मीरचा संघर्ष चालू असताना भारताने ते थांबवले, आणि गांधीजींच्या उपोषणादरम्यान, १५ जानेवारी १९४८ ला, द्यायचं ठरवलं. वाटाघाटींच्या अभ्यासात याला मुद्द्यांची सांगड घालणं म्हणतात: एका टेबलावर अडलं की दुसऱ्या टेबलावरची रक्कम रोखायची. सोडचिठ्ठीची देणी आणि पुढच्या व्यापाराच्या अटी वेगवेगळ्या ठेवायच्या की एकत्र बांधायच्या, यावर २०१७ साली ब्रसेल्समध्येही महिनोन्महिने वाद झाला. युरोपीय संघाचं म्हणणं होतं, आधी नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंडची सीमा, मगच व्यापार. ब्रिटनला सगळं एकत्र हवं होतं. ज्याला वेळेची घाई कमी, त्याचा क्रम चालतो, आणि दोन वर्षांचं घड्याळ ब्रिटनच्या डोक्यावर टिकटिकत होतं.

१९४८ कडे परत येऊ. परका मुलूख ठरल्यावर लगेच दुसरी अडचण. ऑक्टोबर १९४७ मध्ये सही झालेल्या गॅट कराराचा पाया असा, की एका देशाला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यावी लागते. मग भारत-पाकिस्तानने एकमेकांना खास वागणूक द्यायची कशी? यासाठी गॅटमध्ये चक्क एक परिच्छेद आहे: कलम २४, परिच्छेद ११. हे दोन देश दीर्घकाळ एकच आर्थिक घटक होते, तेव्हा त्यांचे व्यापारी संबंध पक्के ठरेपर्यंत त्यांनी आपसांत खास व्यवस्था केल्यास या कराराची आडकाठी नाही, असा त्याचा आशय. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत तो अजूनही आहे. संघटनेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा. सिनॉप्सिसमध्ये दुय्यम पुस्तकाचा आधार देण्यापेक्षा मूळ कलम वाचलेलं असलं, की व्हायव्हात आवाज आपसूक खंबीर राहतो.

या मोकळीकीत मे १९४८ मध्ये पहिला करार झाला. तो टक्क्यांचा नव्हता, गाठींचा होता. पाकिस्तानने वर्षाला ५० लाख गाठी ताग आणि साडेसहा लाख गाठी कापूस द्यायचा, भारताने कोळसा, कापड वगैरे. म्हणजे कालपर्यंत जो व्यापार कलकत्त्याचा आडत्या आणि मुंबईचा गिरणीवाला आपापसांत करत होते, तो आता दोन सरकारांच्या याद्यांमध्ये आला. गिरणी मुंबईत आणि लांब धाग्याचा कापूस परदेशात, ही गिरणगावाची नवी परिस्थिती. अशा याद्या आपल्याला मागासलेल्या वाटतात. मला त्या प्रामाणिक वाटतात, कारण कुणाला काय नसलं तर अडतं हे त्या थेट सांगतात.

आणि मग १८ सप्टेंबर १९४९. ब्रिटनने पौंडाचं सुमारे ३० टक्के अवमूल्यन केलं. पाठोपाठ भारताने रुपया तेवढाच खाली आणला. पाकिस्तानने आणला नाही. एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले. भारताने हा दर मान्य करायला नकार दिला आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. ताग अडला, भारताने कोळसा रोखला.

वरवर पाहता पत्ते भारताच्या हातात होते. पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतात यायची. तागाच्या गिरण्या त्यांच्याकडे नव्हत्या. न विकलेला ताग शेतकऱ्याने करायचा काय? त्यामुळे ते फार काळ तग धरणार नाहीत असा दिल्लीचा अंदाज होता आणि तेव्हाच्या आकड्यांवरून तो वेडगळ नव्हता. एप्रिल १९५० मध्ये दराचा प्रश्न बाजूला ठेवून ठराविक वस्तूंपुरता तात्पुरता करारही झाला. पण जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. जगभर कच्च्या मालाच्या किमती उसळल्या, पाकिस्तानी तागाला आणि कापसाला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली. उठून गेलं तर किती जाईल, या हिशोबातली पाकिस्तानची बाजू बदलली. टेबलावर कुणी काही नवं बोललं नव्हतं. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य करून करार केला. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, जे फाळणीच्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. एकाच माणसाने संघ मोडतानाही हिशोब सांभाळला आणि पुढची तडजोडही पाहिली.

गंमत अशी की करार झाला तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. अडवणुकीच्या काळात भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड वाढवली आणि १९४७-४८ ते १९५१-५२ या काळात उत्पादन दुपटीच्या पुढे गेलं. पलीकडे नारायणगंजला आदमजी ताग गिरणी १९५१ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरण्या इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेच्या कापसावर अधिक अवलंबून राहू लागल्या. एकदा शेत बदललं, यंत्रं बसली, की जुनी व्यवस्था परत आणण्यात कुणाचा स्वार्थ उरत नाही. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं आणि दर पुन्हा समान झाले, पण व्यापार जुन्या जागी आला नाही.

म्हणून ब्रेक्झिटबद्दल वाचताना '२०२० च्या नाताळच्या आदल्या दिवशी शून्य जकातीचा करार झाला' एवढ्यावर थांबू नका. शून्य जकात मिळते ती माल कुठे बनला हे सिद्ध केलं तर, आणि ते सिद्ध करायला कागद, तपासणी, दलाल लागतात. ज्या छोट्या निर्यातदाराने या कटकटीमुळे गिऱ्हाईक सोडलं, तो करार सुधारला तरी परत येईलच असं नाही. हे मोजायचं तर देशाची एकूण आकडेवारी पुरत नाही. वस्तू आणि व्यापारी पातळीवर उतरावं लागतं. आणि मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर: करार नसता तर ट्रकमधल्या मालाला ब्रिटनचा तोच दर लागला असता जो कोणत्याही परक्या सदस्य देशाच्या मालाला लागतो. मोटारींवर १० टक्के, दुसऱ्या वस्तूंवर आणखी काही. उलट दिशेने युरोपचाही तसाच. हे एक वाक्य मला तेव्हा माहीत असतं तर!

या विषयात उतरायचं असेल तर सी. एन. वकील यांचं 'इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ डिव्हायडेड इंडिया' हे १९५० चं पुस्तक आधी हातात घ्या. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातून, धूळ बसायच्या आत लिहिलेलं. त्यातली काही अनुमानं नंतर चुकली, आणि तीच जास्त उपयोगी आहेत, कारण त्या वेळच्या जाणकार माणसाला 'उठून गेलं तर काय' हा हिशोब कसा दिसत होता ते त्यातून कळतं. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचा पहिला खंड १९५१ पर्यंत येतो, तो बँकेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वाचताना तारखांची एक साधी वही करा: एका रकान्यात करार, दुसऱ्यात त्या दिवशी आपोआप लागू असलेला नियम. माझ्या वहीत दुसरा रकाना १९४७ ते १९५१ दरम्यान चारदा बदलतो, आणि प्रत्येक बदलानंतर काही महिन्यांत पहिला रकाना हलतो.

माझा दुसरा सिनॉप्सिस याच वहीवरून लिहिला. विषय आक्रसून एवढाच राहिला: १९४८ ते १९५१ मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी सिंधच्या कापसाची जागा कशाने भरली. या वेळी मॅडमनी पान उलटलं आणि विचारलं, "गिरण्यांचे खरेदीचे कागद मिळतील का?" त्यांच्या शोधात मी सध्या आठवड्यातले तीन दिवस सकाळची लोकल पकडते.