आमगावची पाच किलोमीटर

आपल्यापैकी बहुतेकांनी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट गाडीच्या काचेतूनच पाहिला आहे. पावसाळ्यात गोव्याला जाताना धुकं दिसलं की थांबायचं, चहा-भजी खायची, चार फोटो काढायचे आणि पुढे निघायचं. त्याच रस्त्यापासून थोडं आत, भीमगड अभयारण्यात माणसांची गावं आहेत, हे मलाही तिशी उलटेपर्यंत नीट माहीत नव्हतं. आमगाव, गवळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, देगाव, मेंडील, तळेवाडी. सगळी खानापूर तालुक्यातली आणि घरात मराठी बोलणारी.

शिवकालीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भीमगड किल्ल्यावरून या अभयारण्याला नाव मिळालं. २०११ साली ते जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर. गोव्याची जीवनवाहिनी असलेली म्हादई याच डोंगरांत उगम पावते. आमगावची ओळख मात्र पावसासाठी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो. आमगावात २०१० साली दहा हजार मिलीमीटरहून जास्त पडला. अंतर साठ किलोमीटरच्या आत, पण पाऊस सात-आठ पट!

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही पाच जण तिथे गेलो. बरोबर औषधांची दोन खोकी होती आणि शाळेच्या मुलांसाठी वह्या. वनखात्याची परवानगी घेतली होती आणि वाट दाखवायला गावातलेच एक मामा चिखल्यापर्यंत आले होते. चिखले ते आमगाव पाच-सहा किलोमीटर. मी रोज सकाळी तेवढं धावतो, त्यामुळे सव्वा तासाचा हिशेब मनात धरला होता. प्रत्यक्षात तीन तास लागले.

लाल मातीचा चिखल घोट्याच्या वर येत होता. एक पाय उपसेपर्यंत दुसरा रुतायचा. वर ऐन, किंजळ, जांभळाची दाटी, त्यामुळे भर दुपारी बारा वाजता संध्याकाळसारखा उजेड. जळवांचं तर विचारू नका. मामांच्या काठीच्या टोकाला फडक्यात मीठ-तंबाखूची पुरचुंडी बांधलेली होती. जळू दिसली की ते चालता चालताच ती टेकवत आणि जळू गळून पडे. आम्ही दर दहा मिनिटांनी थांबून मोजे तपासत होतो. मोबाईलची रेंज तर केव्हाच गेली होती.

वाटेत दोन ओढे लागले. पहिल्यावर लाकडी साकव होता, दुसऱ्यावरचा पावसात वाहून गेलेला. कमरेएवढ्या पाण्यातून हाताला हात धरून, खोकी डोक्यावर घेऊन आम्ही पार झालो. जुलैत इथून कसं जाता, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "पाणी उतरलं तर जायचं. नाही उतरलं तर बसायचं."

या 'बसायचं'मध्ये काय काय येतं ते गावात कळलं. पावसाळ्यापूर्वीच तांदूळ, मीठ, रॉकेल, गोळ्या भरून ठेवायच्या. प्राथमिक शाळेनंतर मुलांनी नातेवाईकांकडे राहून शिकायचं. आणि कोणी आजारी पडलं तर? जुलै २०२४ मध्ये याच गावातल्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी भर पावसात लाकडाच्या डोलीवरून चिखल्यापर्यंत खांद्यावर आणलं. रुग्णवाहिका तिथवरच येऊ शकत होती. पुढे त्या वाचल्या नाहीत. आम्ही रिकाम्या हातांनीही जिथे घसरत होतो, तिथून माणसं पेशंट घेऊन गेली होती. चालताना ही गोष्ट डोक्यातून जात नव्हती.

त्या घटनेनंतर स्थलांतराच्या चर्चेला जोर आला. अभयारण्यात रस्ता, पूल किंवा विजेची तार न्यायची तर वन्यजीव कायद्याच्या मंजुऱ्या लागतात. म्हणून सरकारचा पर्याय असा की गावकऱ्यांनी स्वेच्छेने बाहेर यावं, प्रत्येक कुटुंबाला १५ लाख रुपये मिळतील. २०२५ मध्ये तळेवाडीची कुटुंबं तयार झाली, त्यांना पहिला हप्ताही मिळाला. शहरात बसून हा प्रश्न सोपा वाटतो. "इतका त्रास आहे तर बाहेर का येत नाहीत?" असं आमच्यातल्याच एकाने जाताना विचारलं होतं.

आम्ही ज्या घरी जेवलो, तिथे या प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली. भाकरी आणि कुळथाचं सार वाढताना सूनबाई म्हणाल्या, "माझी मुलगी चौथीत आहे. पुढच्या वर्षी तिला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. त्यापेक्षा सगळेच जाऊ." चुलीजवळ बसलेल्या आजींनी मान हलवली. "पैसे किती वर्षं पुरतील? इथं शेत आहे, देव आहे. बाहेर आम्हाला कोण ओळखतं?" मामा दोघींकडे बघत गप्प बसले. गाव एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असं ते चित्र नव्हतंच. एकाच चुलीभोवती दोन मतं होती, आणि दोन्ही खरी होती.

आजींचा प्रश्न पैशांचं गणित येणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हलक्यात घेऊ नये. १५ लाखांत खानापूरजवळ जागा घेतली, घर बांधलं, तर शेतीसाठी काय उरतं? जंगलातून मिळणारं सरपण, मध, फणस, सगळं बाहेर विकत घ्यावं लागतं. आणि सूनबाईंचा प्रश्नही तितकाच निकडीचा. गाव हलायचं की नाही हे ठरेपर्यंत आणखी किती पावसाळे जाणार? तोवर वाहून न जाणारा साकव आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत गावातच राहणारी एक नर्स, एवढं तरी व्हायला हवं. स्थलांतराचा निर्णय होईपर्यंत हेही अडवून ठेवणं बरोबर नाही.

आपल्या मंडळांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, इंजिनिअर आहेत. वनहक्क कायद्याचा अर्ज मराठीत समजावून सांगणं, भरपाईची कागदपत्रं वाचून देणं, खानापुरात शिकणाऱ्या एखाद्या मुलीची राहण्याची सोय करणं, ही कामं चिखल न तुडवताही होतात. सूनबाईंची मुलगी येत्या जूनमध्ये पाचवीत जाईल. तिला राहायला चांगलं घर हवं आहे.