मुलकोवालचा ठपका
१८९६ साली प्लेगाने मुंबईत हाहाकार माजविला असता ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत लस सिद्ध करणाऱ्या वॉल्डेमार हाफकिन यांनी, १८९७ च्या जानेवारीत, ती इतरांस देण्यापूर्वी स्वतःच्याच देहात टोचून घेतली. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि सरकारी चौकशीने दोषाचा ठपका ही लस बनविणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर व पर्यायाने तिचे प्रमुख हाफकिन यांच्यावर ठेवला. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष दप्तरात होती. प्रमुखाने उत्तरदायित्व पत्करणे हे त्याचे भूषणच होय. परंतु लस बनविणारा, ती नेणारा व टोचणारा अशा साखळीतील दोष एकाच माथी मारणे हा, माझ्या मते, शास्त्राशीच द्रोह होय. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीर बाजू मांडून आपल्या सहकाऱ्याचा भार वाटून घेतला, तेव्हा कोठे हाफकिन यांस पुन्हा सरकारी सेवेत घेण्यात आले, परळच्या संस्थेस त्यांचे नाव मात्र १९२५ साली मिळाले.