मुरलेले इंजिन

गेल्या दिवाळीत आमचा नातू हैदराबादेहून वांकिडीस आला, तो काखेत एक खोके घेऊनच. आत निघाली हातभर लांबीची मोटार! खेळणे म्हणावे, तर तिच्यात खरेखुरे इंजिन. आणि इंजिन म्हणावे, तर ते मुठीत मावणारे. अवघे साडेतीन घनसेंटिमीटरचे, पण मिनिटाला ३०,००० फेरे घेणारे. हातातल्या यंत्रावरून बिनतारी इशारा दिला, की स्वारी सुसाट!

"संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सायकलवाल्यांशी शर्यत," असे त्याने पोरांना सांगूनही टाकले. मी विचारले, "अरे, इंजिन नवे ना? मुरवलेस का?"

"आजोबा, इंजिन म्हणजे काय लोणचे आहे?"

त्याच्या या प्रश्नाने मला आमची विहीर आठवली. आमचे हे गाव आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे. १९५६ पर्यंत राजुराही आमच्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा सरकली, घरातली मराठी मात्र जागची हलली नाही. १९७४ साली वडिलांनी कर्ज काढून पाच घोड्यांचे डिझेल इंजिन विहिरीवर बसवले. मिस्त्रीने बजावले होते : "आठ दिवस थोडा भार द्या, मग निम्मा, मग पुरता." वडील बाजाराला गेले आणि मी, अठरा वर्षांचा शहाणा, मिरची सुकते म्हणून पहिल्याच दिवशी दुपारभर पुऱ्या भाराने पंप चालवला. नव्या सिलिंडरचा नि रिंगांचा खरखरीतपणा अजून झिजायचा होता. उष्णता वाढली, तेलाचा पापुद्रा फाटला आणि पिस्टन धरला. मिरची वाळली, ती वाळलीच. वडील एवढेच म्हणाले, "गोऱ्ह्याला कुणी पहिल्या दिवशी नांगराला जुंपतो का रे?"

नातू गप्प झाला. मग आम्ही दोघांनी मिळून माहितीपुस्तिका वाचली. या चिमुकल्याला ठिणगीचा प्लग नाही. त्याच्या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असते. सुरुवातीला ते बॅटरीने तापवायचे. पुढे मिथेनॉलच्या संयोगाने ते आपोआप तापलेले राहते. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल. कित्येकदा चक्क आपले एरंडेल! नवा पिस्टन वरच्या टोकाला मुद्दाम घट्ट असतो. इंजिन तापून सिलिंडर फुलला, की तो मोकळा चालतो. म्हणून थंडगार इंजिनास झटके देऊ नयेत. आधी डोके कोमट करावे.

पहिल्या टाक्या आम्ही मिश्रण दाट ठेवून जाळल्या. मागे पांढरा धूर, चाल मंद. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खाली आणून इंजिन निवू द्यायचे. मग सुई किंचित आवळायची. एका वेळी आट्याचा आठवा भाग. मिश्रण पातळ झाले, की वेग वाढतो. पण इंधनाबरोबरच वंगणही घटते, हीच त्यातली मेख. डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा : तीन-चार सेकंद चुरचुरला, तर ठीक, पडताक्षणी उडाला, तर सुई सैल करावी. आणि धुराची रेघ कधी तुटू देऊ नये.

दोन दिवस पोरे येऊन विचारून गेली. नातू चुळबुळला, पण मैदानावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी शर्यत झाली. तलाठ्याच्या पोराची सायकल पहिल्या वळणापर्यंत पुढे होती. मग मात्र पांढऱ्या धुराची रेघ तिला मागे टाकून गेली. पोरांनी एकच गिल्ला केला!

नातवाने त्या गिल्ल्याकडे पाहिलेही नाही. तो धावत मोटारीपाशी गेला, बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला आणि कान लावून मोजू लागला, "एक... दोन... तीन..."

वडील असते, तर त्यांना तो आकडा ऐकवला असता.