पोथी मिटल्यावर

वऱ्हाडातील कारंजे हे गाव आमच्या बहुतेक वाचकांस निदान नावाने तरी ठाऊक असेल. श्रीनृसिंहसरस्वतींचे ते जन्मस्थान. ज्या घरांत दत्तजयंतीच्या सुमारास गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, त्या घरांतील लहान मुलांच्याही कानांवरून हे नाव गेलेले असते. हे कारंजे आज वाशिम जिल्ह्यात मोडते. १९९८ साली अकोल्यापासून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्य ठिकाण जे वाशिम, ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणून इतिहासास परिचित आहे. पद्मतीर्थ आणि बालाजीचे देवालय ही तेथील जुनी स्थाने. यात्रेकरू ती पाहतो, नमस्कार करतो आणि आपल्या वाटेने जातो.

परंतु याच गावात आणखी एक स्थान आहे, त्याकडे आपल्यापैकी फारसे कोणी जिज्ञासेने पाहिलेले नाही. गावाचे नाव इंग्रजी कागदपत्रांत 'बासिम' असे लिहिले जात होते त्या काळी, १९३८ साली, डॉक्टर ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी नाझरीन मिशनच्या वतीने तेथे एक रुग्णालय सुरू केले. त्या पंथाचे ज्येष्ठ अधिकारी हायरम रेनॉल्ड्स यांच्या नावाने ते 'रेनॉल्ड्स मेमोरियल' म्हणून ओळखले जाऊ लागले. बाईंनी आपल्या आयुष्याची सुमारे चार दशके त्या कामी घालविली. अशा रुग्णालयाची पायरी आपल्यातील अनेक कुटुंबे अडीअडचणीस चढली असतील; औषध घेतले असेल, उपकारही मानले असतील. परंतु ही माणसे सकाळी कामास लागण्यापूर्वी जो ग्रंथ उघडतात त्यात ती काय शोधतात, आणि तो मिटल्यावर त्यांच्या हातून काय घडावे अशी त्यांची अपेक्षा असते, हे विचारण्याचे मात्र आपण बहुधा टाळले. आज तेवढाच एक प्रश्न घेऊन आम्ही वाचकांपुढे आलो आहोत.

ख्रिस्ती कुटुंबातील नित्यपाठ दिसावयास अगदी साधा असतो. सकाळी अथवा दिवेलागणीस घरची माणसे एकत्र बसतात. कोणी एक पवित्र शास्त्रातील एखादा अध्याय किंवा काही ओळी वाचतो. पुष्कळ घरांत मुलांकडून एकेक वचन आळीपाळीने वाचवून घेतात. मग गीत आणि प्रार्थना. बायबलात एकंदर सहासष्ट पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत, असे प्रॉटेस्टंट पंथीयांच्या प्रतीवरून कळते. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात एक आवर्तन पुरे होते, आणि तसे करणारेही पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्यातील अनुभवी माणसे संख्येवर फारसा भर देत नाहीत. थोडे वाचावे, थांबावे, आणि जे वाचले ते आज मला उद्देशून काय सांगते असे स्वतःस विचारावे, या थांबण्यास ते खरे महत्त्व देतात.

यात आपणांस अपरिचित असे काय आहे? याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीस श्रवण, मनन आणि निदिध्यासन हीच वाट दाखविली आहे. बाराव्या शतकात युरोपातील ग्विगो नावाच्या एका ख्रिस्ती मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची एक शिडी वर्णिली. दोन्ही ठिकाणी पहिली पायरी वाचनाची अथवा ऐकण्याची आहे, आणि दोन्ही ठिकाणी तेथेच बसून राहणाऱ्यास काही गाठता येत नाही. आपण मात्र कित्येकदा तेथेच बसतो. सात दिवसांत बावन्न अध्याय पुरे झाले, पारणे झाले, की कृतकृत्य होतो.

वाशिमच्या या मिशनची परंपरा ज्या जॉन वेस्ली याच्याकडे पोचते, त्याच्या चरित्रातील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १७४२ साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी, आणि बारा-बारा जणांमागे नेमलेल्या एकेका पुढाऱ्याने घरोघर फिरून ती गोळा करावी, असे ठरले. पुढारी पैशासाठी दारात जाऊ लागले आणि त्यांस घरांचे अंतरंग दिसू लागले. सभेत भक्तिभावाने बसणाऱ्या काही माणसांचे घरातील वर्तन त्या भक्तीस शोभणारे नव्हते. वेस्लीने ही संधी ओळखली. पैसे गोळा करण्याच्या त्या गटांतूनच त्याच्या पंथाचे साप्ताहिक आत्मपरीक्षणाचे वर्ग निघाले. धर्म माणसात किती मुरला हे त्याच्या घराच्या दारात उभे राहिल्यावाचून कळत नाही, हे एका कर्जाच्या निमित्ताने उघडकीस आले.

आता आपल्याच एका घराच्या दारात उभे राहू. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे तरुण ब्राह्मण कवी नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती वाचावयास घेतली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी, म्हणजे पाचव्यापासून सातव्या अध्यायापर्यंतच्या भागापाशी, ते असे थबकले की ते पुरे केल्यावाचून त्यांच्याने पुस्तक खाली ठेववेना. अवघे तीन अध्याय, १११ वचने. परंतु त्यांनी त्या माणसाच्या आयुष्याची दिशा बदलली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगाचे दुसरे अंग विसरून चालणार नाही. ज्या वाचनाने टिळकांस शांती दिली, त्याच वाचनाने त्यांच्या घरावर कुऱ्हाड कोसळली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. काही वर्षे पती एका गावी आणि पत्नी दुसऱ्या गावी, असा त्यांचा संसार चालला. त्या काळी आमच्या समाजाने अशा कुटुंबांस जो बहिष्कार दाखविला त्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. तसेच काही मिशनऱ्यांनी आमच्या देवाधर्माविषयी जे कठोर लिहिले त्याचेही समर्थन करण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंस ग्रंथ होते आणि दोन्ही बाजूंस ते वाचणारे होते.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचे वेड किती विकोपास गेले होते हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वडील बाजारातून आणलेले मीठ-साखरसुद्धा धुऊन घेत. अशा घरात वाढलेली ही बाई पतीकडे परत आली ती त्याचा धर्म पटला म्हणून नव्हे. प्रथम वेगळी चूल, वेगळे पाणी, आपले सोवळे आपल्यापाशी. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या मनाशीच निकाल लावला आणि त्याप्रमाणे वागावयास आरंभ केला. बाप्तिस्म्याची गोष्ट त्यानंतरची. म्हणजे त्यांच्याकडे धर्म ग्रंथाच्या वाटेने आला त्याहून अधिक स्वयंपाकघराच्या वाटेने आला. आमच्या वाचकभगिनींनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आध्यात्मिक वाढ म्हणून जी म्हणतात ती एकाएकी होणारी गोष्ट नव्हे. आज पाण्याच्या घागरीविषयी एक विचार पालटतो, उद्या एखाद्या अनाथ मुलाविषयी, परवा स्वतःच्या हट्टाविषयी.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा मोठा गुण हा की त्यात कोणीही साधू म्हणून उभा केलेला नाही. टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव, त्यांचे घरात काही शिल्लक न ठेवणारे औदार्य, त्यावरून झालेली भांडणे, सारे तेथे आहे. गिरिप्रवचन वाचून रागीट माणूस दुसऱ्या दिवशी शांत झाला, असे ते पुस्तक सांगत नाही. तो रागावत राहिला, ओशाळत राहिला, आणि पुन्हा त्याच ग्रंथापाशी येऊन बसत राहिला, एवढेच ते सांगते. आम्हांस यात मोठा दिलासा वाटतो.

टिळक आपल्या पूर्वसंस्कारांस परके झाले नाहीत हेही नमूद केले पाहिजे. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची भावना होती. त्यांची मराठी गीते आजही ख्रिस्ती मंडळ्यांतून गाइली जातात. ख्रिस्ताचे चरित्र त्यांनी ओवीत लिहावयास घेतले. ते अपुरे ठेवून १९१९ साली ते वारले. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे साठांहून अधिक अध्याय रचून ते 'ख्रिस्तायन' जवळजवळ शेवटास नेले.

येथवर आल्यावर कोणी विचारील, की या साऱ्याशी आम्हां हिंदू कुटुंबवत्सलांचा संबंध काय? आम्ही आपला धर्म सोडावा असे का तुमचे म्हणणे आहे? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. शेजाऱ्याच्या घरी दिवा कसा लावतात हे पाहिल्याने आपला देव्हारा ओस पडत नाही. उलट आपल्या दिव्यावरची काजळी केव्हा केव्हा तेथे उभे राहिल्यावर दिसते. आम्हांस ती कशी दिसली हे सांगतो.

आमच्याच आप्तांपैकी एक घर आहे. दोघे भाऊ, मध्ये एक अंगण, आणि त्या अंगणातील विहिरीच्या हक्कावरून उभी राहिलेली भिंत. गेली अकरा वर्षे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दत्तजयंतीस भिंतीच्या अलीकडे एक सप्ताह बसतो आणि पलीकडे दुसरा. एकाच वेळी, एकाच पोथीच्या ओव्या, दोन चौरंगांवरून. थोरल्याचा आवाज खणखणीत. धाकटा त्याहून मोठ्याने वाचतो. आम्ही दोन्हीकडच्या पारण्यास जातो, दोन्हीकडे पुरणपोळी जेवतो, दोन्हीकडे गोड बोलतो, आणि दोघांपैकी एकासही काही सांगत नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताने जो उपदेश केला आहे त्याचा आशय असा: वेदीपाशी नैवेद्य घेऊन उभा असताना तुला आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर नैवेद्य तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. आम्ही हे पूर्वी अनेकदा वाचले होते आणि सुंदर आहे असे म्हणून पुढे गेलो होतो. एके दिवशी थांबून वाचले तेव्हा ध्यानात आले, की तुझ्या मनात भावाविषयी काय आहे हे तेथे विचारलेलेच नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काय आहे हे विचारले आहे. आपला राग गेला, आता माझ्या बाजूने काही नाही, असे म्हणून मोकळे होण्याची जी वाट आपण नेहमी काढतो, ती या एका वाक्यरचनेने बंद होते. आणि पूजा सोडून ऊठ, ही आज्ञा! आमच्या घरी पूजेवरून मध्येच उठणे हा अपशकुन. पण ते दोन चौरंग आणि त्यांच्यामध्ये आमचे जेवणाचे पान, हे चित्र त्या दिवशी डोळ्यांपुढून हालेना. ज्या नृसिंहसरस्वतींची पोथी भिंतीच्या दोन्ही बाजूंस वाचली जाते, त्यांस तरी त्या भिंतीविषयी काय वाटत असेल?

मनन म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या आम्हांस करता येत नाही. ग्रंथातील एखादे वाक्य आपल्या घरातील एखाद्या भिंतीशी जाऊन भिडते तो क्षण म्हणजे मनन. मग तो ग्रंथ मत्तयाचा असो, दासबोध असो की ज्ञानेश्वरी असो. भिंत आपली असते. ती ग्रंथास दाखविण्याचे धैर्य मात्र आपणांस करावे लागते.

यास्तव आमची सूचना अगदी माफक आहे. ज्या घरांत नित्यपाठ आहे तेथे तो चालूच राहावा. जेथे बंद पडला आहे तेथे पुन्हा सुरू व्हावा. फक्त पाठ संपल्यावर लगेच उठू नये. वडील माणसांनी, लेकीसुनांनी, शाळकरी मुलांनीही दोन क्षण बसावे, आणि आज वाचलेल्यातील कोणती गोष्ट या घरात खरी ठरत नाही, एवढे एकदा मनात विचारावे. उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नसावी. एकत्र कुटुंबात सर्वच गोष्टी मोठ्याने बोलता येत नाहीत, आणि येऊही नयेत. परंतु प्रश्न सर्वांनी एकत्र बसून विचारला, सासूने आणि सुनेने, थोरल्याने आणि धाकट्याने, तर निम्मे काम तेवढ्यानेच होते.

आमच्यापुरते म्हणाल तर त्या थोरल्या बंधूंस आम्ही पत्र लिहिले. उपदेश केला नाही. तो अधिकार दोन्हीकडच्या पुरणपोळ्यांबरोबर आम्ही गमावून बसलो होतो. एवढेच लिहिले की यंदाच्या पारण्यास दोन्ही पाने एका पंगतीत मांडली जाणार असतील तरच आम्ही येऊ. इतकी वर्षे न बोलता जेवलो याबद्दल क्षमा असावी. तसेच पत्र धाकट्यासही पाठविले. उत्तर अद्याप दोघांचेही आलेले नाही. दत्तजयंतीस अजून अवकाश आहे, आणि टपालवाल्याची चाहूल लागली की आम्ही हातातली पोथी खाली ठेवून दाराशी जातो.