हिशेबनीसालाही सायबर सुरक्षेत जागा आहे

ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडचे नाव थेट अमेरिकेपर्यंत गेले, पण अभिमान वाटावा अशा कारणाने नव्हे. ठाणे पोलिसांनी येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले व ७० जणांना अटक केली. अमेरिकन कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथील लोकांना अटकेची धमकी द्यायची आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा होता. फोनवर बोलणारी बहुतेक तरुण मुलेमुलीच होती. इंग्रजीची हातोटी, रात्रपाळीची तयारी, समोरच्याच्या मनाचा ठाव घेण्याची कला, सारे त्यांच्यापाशी होते. हेच गुण फसवणूक रोखणाऱ्या बाजूलाही लागतात, आणि तेथे रात्री पोलीस दार ठोठावत नाहीत.

मात्र कॉमर्स शिकलेला, बँकेत, कारखान्याच्या हिशेब खात्यात किंवा कॉल सेंटरमध्ये दहा वर्षे घालवलेला माणूस या क्षेत्रात शिरू शकतो काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत.

सायबर सुरक्षा म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून कळफलक बडवणे, असा एक समज सिनेमांनी करून दिला आहे. तांत्रिक काम आहेच, ते संगणकाचे शिक्षण घेतलेल्यांनी करावे. पण धोका कोठे आहे हे नोंदवणे, कोणाला कोणत्या माहितीपर्यंत पोहोचू द्यायचे हे ठरवणे, पुरवठादारांचे करार तपासणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे आणि वरिष्ठांना खरी परिस्थिती तोंडावर सांगणे, हे व्यवस्थापनाचे काम आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांचा माहिती सुरक्षा प्रमुख हा संगणक विभागाच्या प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याच्यावर धंद्याचे टार्गेटही नसावे. हिशेब लिहिणारा व तपासणारा वेगळा असावा, हे जुने व्यापारी तत्त्व येथे पुन्हा भेटते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पाहा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेस, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. चोरांनी मधल्या मध्ये एक खोटी यंत्रणा उभी केली होती. एटीएमची विचारणा बँकेच्या मूळ खातेवहीपर्यंत पोहोचतच नव्हती, होकार परस्पर दिला जात होता. मेळ जुळवण्याची सवय असलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. या घटनेनंतर, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्या ठरवल्या. सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या वाचकांनी हे परिपत्रक आपल्या शाखेत मागून वाचावे. पहिली संधी बहुधा तेथेच सापडेल.

आता परीक्षांविषयी. इसाका या अमेरिकन संस्थेच्या दोन परीक्षांना या क्षेत्रात मान आहे. सीआयएसए ही संगणक प्रणालींच्या तपासणीची, तर सीआयएसएम ही सुरक्षेच्या व्यवस्थापनाची. परीक्षेला अनुभवाशिवाय बसता येते, प्रमाणपत्र मात्र पाच वर्षांच्या अनुभवावर मिळते. काही सवलती आहेत, तरी सीआयएसएमला तीन वर्षे प्रत्यक्ष सुरक्षा व्यवस्थापनातली लागतातच. उत्तीर्ण झाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा असतो. हे ठाऊक असलेला माणूस ‘तीन महिन्यांत सायबर मॅनेजर’ अशा पाटीपुढे उभा राहणार नाही. घराचा हप्ता चालू असताना कर्ज काढून अशा क्लासची फी भरणे हा आमच्या मते शुद्ध वेडेपणा आहे. त्यापेक्षा आयएसओ २७००१ या मानकाचा पाच दिवसांचा तपासनीसाचा अभ्यासक्रम करून आपल्याच कार्यालयातील ऑडिटच्या कामात हात घालावा. पदनाम बदलण्याआधी काम बदलावे लागते. बाहेर नोकरी धरल्यास सुरुवातीला पगार कमी मिळण्याची शक्यता असते. घरात ते आधीच बोलून ठेवावे.

आखाताकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सौदी अरेबियाच्या सायबर सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सरकारी संस्था व महत्त्वाच्या राष्ट्रीय सुविधा चालवणाऱ्या कंपन्यांसाठी नियम केला की, या विभागाचा प्रमुख व देखरेखीची पदे सौदी नागरिकांनीच भरावीत. तेव्हा एजंट रियाधमधील अशा पदाचे गाजर दाखवू लागला तर पैसे देण्यापूर्वी हा नियम त्याच्यापुढे ठेवावा.

इकडे भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यांतही हिशेब, ऑर्डर व बँकेचे व्यवहार संगणकावरून चालतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आपल्या कारखान्यात किंवा पेढीत हे सहा तास कोण मोजणार, असे उद्या मालकाला विचारून पाहावे. त्याला उत्तर देता आले नाही तर ते काम मागून घ्यावे.